पगार पुरला नाही म्हणून राहिलेल्या कपाती: किती ओढायच्या, किती सोडायच्या?

नमस्कार,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुमचा एक कर्मचारी पहिल्या महिन्यात मोजकेच दिवस कामावर होता आणि दुसरा महिना पूर्ण बिनपगारी रजेवर. त्याचा एरवीचा पगार ४०,०००. त्यातून कायद्याने लागणारी वर्गणी १० टक्के, विम्याचा हप्ता २,५००, कंपनीने दिलेल्या कर्जाचा हप्ता ६,०००, पतसंस्थेचे ५,००० आणि कल्याण निधीचे ५०० अशा दरमहा कपाती. पहिल्या महिन्यात पगार बसला १०,०००, दुसऱ्यात शून्य. तिसऱ्या महिन्यात तो पूर्ण महिना राबला आणि पे-स्लिपवर नेट पगार शून्य आला. वर २,००० ची थकबाकी पुढे उभीच. तो माणूस साहजिकच चिडलाय, साहेब म्हणतात सगळी थकबाकी माफ करून टाका, आणि तुम्ही विचारताय की सॉफ्टवेअरमधली 'पुढे ओढा' (राहिलेली कपात पुढच्या पगारातून आपोआप घेणारी) ही सोय बंद कशी करायची.

बंद करता येते. कपातीच्या मास्टरमधली (प्रत्येक कपातीचे नियम जिथे नोंदवतात तिथली) खूण काढली की झालं. पण मग पुढच्या वेळी असंच कुणी रजेवर गेलं की विम्याचे २,५०० कंपनीच्या खिशातून जातील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. चालू ठेवलीत तर आज झालं तेच पुन्हा होईल. खरी अडचण अशी आहे की चार वेगळ्या जातीच्या कपातींना तुमच्याकडे एकच नियम लावलाय. राहून गेलेली प्रत्येक कपात म्हणजे कर्मचाऱ्यावरचं देणं नव्हे. कधी ते खरंच देणं असतं, कधी नुसतं वेळापत्रक पुढे सरकतं, आणि कधी काहीच बाकी राहत नाही. हा निवाडा सॉफ्टवेअर करू शकत नाही, तो कपात तयार करताना आपणच करून ठेवायचा असतो.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर सोडतो. पहिली, तुम्हाला लागू असलेला कायदा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा वेतन संरक्षणाचा १९४९ चा करार (क्रमांक ९५) पगारातली कपात राष्ट्रीय कायदा, सामूहिक करार किंवा लवादाचा निवाडा यांनी घालून दिलेल्या मर्यादेतच करू देतो. आकडा मात्र ज्या त्या देशावर सोपवलेला आहे. भारतात १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने एकूण कपातीला ५० टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि सहकारी संस्थेचं देणं कापायचं असेल तर ७५ टक्क्यांची. २०१९ च्या वेतन संहितेत सरसकट ५० टक्के आहे. दुसरी गोष्ट, कर्मचाऱ्याने कशावर सही केलीय. कर्जाच्या करारात 'हप्ता चुकल्यास पुढील पगारातून एकरकमी' असं लिहिलं असेल तर चर्चा वेगळी, काहीच लिहिलं नसेल तर वेगळी. हे दोन कागद समोर नसताना कुणी तुम्हाला ठाम उत्तर दिलं तर त्यावर फार विसंबू नका.

आता तुमचे आकडे. पहिल्या महिन्यात १०,००० वर ५० टक्क्यांची मर्यादा म्हणजे कापायला एकूण जागा ५,०००. वर्गणीचे १,००० गेले, विम्याचे २,५०० गेले, उरले १,५००. तुमच्याकडे कर्जाला 'अंशतः चालेल' असं दिलंय, म्हणून ते १,५०० कर्जात गेले आणि पतसंस्था व कल्याण निधी कोरडे राहिले. म्हणजे राहिलेली कपात कर्जाची ४,५००, पतसंस्थेची ५,००० आणि निधीची ५००, मिळून १०,०००. दुसऱ्या महिन्यात पगारच नाही, म्हणून पूर्ण १४,००० राहिले. एकूण २४,०००. तिसऱ्या महिन्यात चालू वर्गणी ४,०००, चालू कपाती १४,००० आणि थकबाकी २४,००० यांची बेरीज होते ४२,०००. पगार ४०,०००. म्हणून नेट शून्य आणि पुढे २,००० शिल्लक.

इथे एक गोष्ट ठळक दिसते. पहिल्या महिन्यात मर्यादा पाळली गेली, तिसऱ्यात नाही. म्हणजे तुमच्याकडे ५० टक्क्यांची मर्यादा चालू कपातींना लागते, थकबाकीच्या वसुलीला लागत नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये थकबाकीची वसुली हा स्वतंत्र घटक असतो आणि मर्यादेच्या सूत्रात कुठले घटक धरायचे ते आपण निवडायचं असतं. तो घटक निवडायचा राहून गेलाय. हे आजच दुरुस्त करा, बाकीचं धोरण ठरायला वेळ लागला तरी.

मर्यादा लागू केली तर काय होतं ते पाहा. ४०,००० चे निम्मे २०,०००. त्यातून वर्गणीचे ४,००० आणि चालू कपातींचे १४,००० गेले की थकबाकीसाठी महिन्याला जागा उरते फक्त २,०००. या वेगाने २४,००० फिटायला बारा महिने लागतील. म्हणजे दोन महिन्यांच्या रजेची झळ त्या माणसाला वर्षभर. कायद्याच्या दृष्टीने कदाचित ठीक असेल, पण मला ही वसुलीच मुळात पटत नाही, कारण ते २४,००० सगळे त्याच्यावरचं देणं नाहीच.

एकेक कपात उलगडून पाहू.

विम्यापासून सुरुवात. रजेवर असला तरी विमा चालू होता आणि विमा कंपनीला हप्ता तुमच्या कंपनीने भरला. म्हणजे दुसऱ्या महिन्याचे २,५०० कंपनीने त्याच्या वतीने भरलेले पैसे आहेत. हे सरळ येणं आहे आणि ते पुढे ओढणं योग्यच. विम्याच्या कपातीला माझ्याकडे नेहमी 'पुढे ओढा' चालू असतं.

कल्याण निधीचे ५०० तर सोडूनच द्या. त्या महिन्यात पगार नाही तर वर्गणी नाही, असा बहुतेक अशा निधींचा साधा हिशेब असतो. निधीच्या नियमांत उलट काही लिहिलं असेल तरच वेगळं. ऐच्छिक बचतीच्या कपातींनाही मी हाच नियम लावतो. बचत राहिली म्हणून कर्मचारी कुणाचा देणेकरी होत नाही.

कर्जाकडे मात्र नीट पाहा, कारण घोळ सगळ्यात जास्त इथेच होतो. कर्जाला स्वतःची बाकी असते. हप्ता चुकला की बाकी कमी होत नाही, ती तशीच राहते आणि कर्जाची मुदत आपोआप लांबते. वेगळी थकबाकी धरायची गरजच नसते. तरीही कपातीला 'पुढे ओढा' लावून ठेवलं तर तीच रक्कम दोन ठिकाणी नोंदली जाते, एकदा कर्जाच्या बाकीत आणि एकदा थकबाकीत. आता तुमच्याकडे काय झालंय ते तपासायची रीत सांगतो. समजा पहिल्या महिन्याआधी कर्जाची बाकी ६०,००० होती. पहिल्या महिन्यात १,५०० कापले, बाकी ५८,५००. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात चालू हप्ता ६,००० आणि थकबाकीचे १०,५०० कापले. आता बाकी ४२,००० दिसायला हवी. ती ५२,५०० दिसत असेल तर थकबाकीची वसुली कर्जाच्या खात्याला जोडलेलीच नाही, आणि ते १०,५०० त्या माणसाकडून शेवटी पुन्हा एकदा कापले जातील. तुमच्या कर्मचाऱ्याच्या कर्ज खात्याचा उतारा काढून हा आकडा पाहाच. आणि एकाच्या खात्यात हे सापडलं तर कर्ज असलेल्या सगळ्यांचे उतारे पाहावे लागतील. कर्जाच्या कपातीसाठी माझी शिफारस: 'पुढे ओढा' बंद, 'बाकी शून्य होईपर्यंत कापा' चालू. बिनव्याजी कर्ज असेल तर एवढं पुरतं. व्याज असेल तर वाढलेल्या मुदतीचं व्याज कोण सोसणार हे करारात पाहा.

पतसंस्थेचं प्रकरण तिसऱ्याच जातीचं. इथे कंपनी फक्त मधली. देणं-घेणं सभासद आणि संस्था यांच्यातलं. जेवढं कापलं तेवढं संस्थेकडे पाठवायचं आणि यादीत 'पगार अपुरा, कपात नाही' असा शेरा द्यायचा. राहिलेलं पुढच्या महिन्यात कापायचं की नाही हे संस्थेने कळवायचं, कारण तिने तोवर त्याच्याकडून थेट भरून घेतलं असेल तर तुम्ही दुसऱ्यांदा कापून बसाल.

म्हणजे २४,००० पैकी निधीचे १,००० सोडायचे, कर्जाचे १०,५०० कर्जातच राहतात, पतसंस्थेचे १०,००० संस्थेला विचारायचे, आणि कंपनीचं खरं येणं उरतं २,५००. ते १,२५० च्या दोन हप्त्यांत घेतलं तर महिन्याच्या २,००० च्या जागेत आरामात बसतं. बारा महिन्यांचं काम दोन महिन्यांवर आलं, आणि माफ काय करायचं या साहेबांच्या प्रश्नालाही आकड्यात उत्तर मिळालं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण आज ना उद्या समोर येतील अशा कपातींबद्दलही सांगून ठेवतो. टक्केवारीने बसणारी वर्गणी पगारासोबत आपोआप कमी होते, त्यामुळे पगार कमी पडला म्हणून तिची थकबाकी सहसा होत नाही. ती राहते तेव्हा कारण वेगळं असतं. कुणीतरी कर्मचाऱ्याला योजनेत घालायला विसरलेलं असतं, किंवा वर्गणी ज्या रकमेवर काढतात तीत एखादा भत्ता धरलेला नसतो. ती चूक नियोक्त्याची, आणि कायदा ती कर्मचाऱ्यावर ढकलू देईलच असं नाही. भारतात कर्मचारी राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्याने अट अशी घातली की कर्मचाऱ्याचा वाटा ज्या काळाचा आहे त्याच काळाच्या वेतनातून कापायचा, नंतरच्या वेतनातून नाही. अशा कपातीला 'पुढे ओढा' लावणं म्हणजे सॉफ्टवेअरकडून नियम मोडून घेणं. आयकराची तर थकबाकी काढूच नये. जिथे तो वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर निघतो तिथे पुढच्या महिन्याच्या गणितात फरक आपोआप भरून येतो. त्यावर वेगळी थकबाकी चढवली की कर दुप्पट कापला जातो.

कोर्टाच्या आदेशाने होणाऱ्या जप्तीत तर नियम आदेशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये १९७१ च्या कायद्याखालच्या आदेशांचे दोन प्रकार आहेत. पोटगी आणि दंड यांसारख्या अग्रक्रमाच्या आदेशात एखाद्या पगारात कमी पडलेली रक्कम पुढच्या पगारात ओढली जाते. साध्या दिवाणी कर्जाच्या आदेशात ओढली जात नाही, तो महिना गेला तो गेला. नाव एकच, 'पगाराची जप्ती', वागणूक उलटी. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जप्तीसाठी कपातीचा एकच कोड करून त्यात सगळे आदेश घालू नका.

आता क्रमाबद्दल. कपातींचा अग्रक्रम सगळे लावतात: कायद्याच्या, मग कोर्टाच्या, मग बाकीच्या. पण त्याच्या जोडीला प्रत्येक कपातीला आणखी एक खूण असते, रक्कम अपुरी पडली तर अंशतः कापायची की पूर्ण मिळाली तरच. या दोन गोष्टी एकत्र आल्या की गंमत होते. तुमच्याच पहिल्या महिन्यात कर्जाला आणि पतसंस्थेला 'पूर्ण मिळाली तरच' असं असतं, तर १,५०० ची जागा असूनही ६,००० चं कर्ज आणि ५,००० ची पतसंस्था दोन्ही रिकामे गेले असते, आणि रांगेत शेवटी उभे असलेले निधीचे ५०० मात्र कापले गेले असते. वर १,००० ची जागा वाया. यात चूक काही नाही, सॉफ्टवेअर सांगितल्याप्रमाणेच वागतंय, पण 'कर्ज सोडून निधी कसा कापला' हा प्रश्न येतो तेव्हा कारण माहीत असलेलं बरं. अर्धा विमा हप्ता कुणी स्वीकारत नाही, म्हणून विमा 'पूर्ण तरच'. कर्ज 'अंशतः' चालतं. पतसंस्थेला विचारून ठरवा.

थकबाकी आधी की चालू कपात आधी, हेही बहुतेक ठिकाणी निवडता येतं. मी चालू कपात आधी ठेवतो. थकबाकी आधी घेतली तर तुमच्या उदाहरणात २०,००० च्या मर्यादेतून वर्गणी वजा जाता उरलेले १६,००० जुन्यात जातील, चालू १४,००० सगळे नव्याने राहतील आणि थकबाकी २२,००० होईल. चालू आधी घेतली तरीही २२,०००च उरतात. एकूण आकडा तोच, पण पहिल्या रीतीत दर महिन्याची प्रत्येक कपात शिळी होत जाते, विम्याचा चालू हप्ता कापलेला दिसत नाही आणि पे-स्लिप वाचून कुणाला काही कळत नाही.

हिशेब खात्याकडची बाजू थोडक्यात. कपातीचं देणं खातं त्या महिन्यात कापलेल्या रकमेनेच जमा व्हायला हवं, ठरलेल्या हप्त्याने नाही. दुसऱ्या महिन्यात विमा कंपनीला २,५०० गेले आणि कापले शून्य, म्हणजे ते देणं खातं २,५०० ने उलट्या बाजूला गेलं असणार. ती रक्कम 'कर्मचाऱ्यांकडून येणे' मध्ये वळती करा आणि वसुली तिथे जमा करा. मग सॉफ्टवेअरमधल्या थकबाकीच्या यादीची बेरीज आणि या खात्याची बाकी दर महिन्याला जुळली पाहिजे. न जुळणारी थकबाकी कर्मचारी नोकरी सोडताना बाहेर येते, आणि तेव्हा फुल अँड फायनलमधून, म्हणजे त्याच्या शेवटच्या हिशेबातून, कापायला आधारही नसतो.

एक गुंता अजून. उद्या त्याची रजा मागाहून पगारी मंजूर झाली तर मागच्या पगाराचा फरक निघेल: पहिल्या महिन्याचे ३०,००० आणि दुसऱ्याचे ४०,०००. सॉफ्टवेअरमध्ये कपातीच्या थकबाकीसारखंच याही रकमेला एरियर्सच म्हणतात, पण ही कंपनीकडून कर्मचाऱ्याला जाणारी. इथे दोन यंत्रणा एकाच पैशावर तुटून पडतात. मागचा पगार फिरून काढणारी यंत्रणा त्या महिन्यांच्या कपातीही नव्याने लावते, आणि थकबाकी वसूल करणारी यंत्रणा हातात मोठी रक्कम दिसताच जुनं सगळं ओढते. म्हणून मागच्या महिन्यांची फेरगणना फक्त टक्केवारीच्या कपातींना चालू ठेवा, ठरावीक रकमेच्या कपातींना बंद. आणि फरक ज्या महिन्यात दिला त्याच महिन्याचा धरू नका, ज्या महिन्यांचा आहे त्यांत वाटा. वर्गणीला मासिक वेतनाची कमाल मर्यादा असते (भारतात भविष्यनिर्वाह निधीसाठी ती सप्टेंबर २०१४ मध्ये १५,००० झाली) तिथे ७०,००० एका महिन्यात धरले तर वर्गणी चुकीची निघते.

शेवटी या महिन्याचं. सगळं मांडून पाहिलं तर त्याचा नेट पगार असा हवा होता: ४०,००० वजा वर्गणी ४,०००, चालू कपाती १४,००० आणि विम्याच्या थकबाकीचा पहिला हप्ता १,२५०. म्हणजे २०,७५०. पगार अजून बँकेत गेला नसेल तर त्याच्यापुरता रन (सॉफ्टवेअरने चालवलेला त्या महिन्याचा पगाराचा हिशेब) मागे घ्या, थकबाकीच्या रकमा दुरुस्त करा आणि पुन्हा चालवा. गेला असेल तर नियमित चक्राबाहेरचा वेगळा रन करून २०,७५० परत द्या. परत देताना 'इतर भत्ता' म्हणून देऊ नका. अनेकजण हेच करतात, कारण ते सोपं असतं. भत्ता दिला की पगार वाढतो, त्यावर वर्गणी आणि कर बसतो, आणि कर्जाची बाकी मात्र चुकीचीच राहते. कपातीच्याच कोडमध्ये उणे रकमेची नोंद करा: कर्ज १०,५००, पतसंस्था ९,००० (उभ्या राहिलेल्या २,००० मध्ये पतसंस्थेचे १,००० आणि निधीचे १,००० आहेत, ते कापलेच गेले नव्हते), विमा १,२५०. वरच्या उदाहरणातली कर्जाची बाकी ५२,५०० वर परत येईल, आणि यावेळी तो आकडा बरोबर असेल.

त्याला सोबत चार ओळींचं पत्र द्या: किती राहिलं होतं, त्यातलं किती सोडलं, किती आणि कुठल्या महिन्यांत कापणार. त्यावर त्याची सही घ्या. पुढच्या वेळी कुणी लांब रजेवर जाणार असेल तर हेच पत्र रजा मंजूर करतानाच द्यावं.

पतसंस्थेचे ९,००० पाठवून झाले असतील तर ते परत मिळवण्याआधी संस्थेशी बोला. ते त्याच्या खात्यात जमा झाले असतील तर कदाचित त्यालाही तसंच ठेवायला चालेल, आणि मग परत द्यायची रक्कम ११,७५० वर येईल. पण एकूण कपात निम्म्याच्या वर जाते, म्हणून त्याची लेखी संमती आणि तुमचा कायदा दोन्ही पाहा. पहिल्या दोन महिन्यांत संस्थेला प्रत्यक्षात किती रक्कम गेली, कापलेली की यादीतली ठरलेली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. यादीप्रमाणे पूर्ण ५,००० गेले असतील तर वरचा हिशेब बदलतो, कारण मग ते १०,०००ही कंपनीने भरलेले आहेत. बँकेचा उतारा पाहून तेवढं कळवा.